भुलेआधीचे आम्ल: धोका किती, इलाज किती

रात्री बारानंतर काही खाऊ-पिऊ नका असे बजावले आणि रुग्णाने ते पाळले, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर येताना त्याचे पोट रिकामे असते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते रिकामे नसते. जठर दिवसाकाठी दीड-दोन लिटर रस तयार करते आणि अन्न आले नाही म्हणून हे काम पूर्ण थांबत नाही. त्यात सतत गिळली जाणारी लाळ मिसळत राहते. त्यामुळे आठ-दहा तास उपाशी असलेल्या निरोगी माणसाच्या पोटातही थोडा द्रव असतोच, आणि त्याचा पीएच बहुधा एक ते दोनच्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्ल असतो. जागेपणी याची काळजी करायचे कारण नसते. जठराचे अस्तर हे आम्ल सोसायलाच घडलेले आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा गोल स्नायू आवळलेला असतो, वरच्या टोकाला तसाच दुसरा असतो. इतके करूनही चार थेंब घशापर्यंत आलेच तर आपण गिळतो, आणि भलतीकडे गेले तर ठसका लागतो. पूर्ण भूल देताना मात्र हे सारे बंदोबस्त एकदम ढिले पडतात. स्नायू सैलावतात, गिळणे थांबते, ठसका लागत नाही. श्वासनलिकेत नळी बसेपर्यंतची काही सेकंदे आणि शेवटी ती नळी काढतानाचा काळ, या दोन वेळी पोटातला द्रव वर येऊन फुप्फुसात उतरण्याची भीती सर्वांत जास्त असते.

तो उतरलाच तर पुढे काय घडते हे बरेच नेमके ठाऊक आहे. आम्ल आधी थेट भाजते. वायुकोशांचे अत्यंत पातळ अस्तर आणि ते मिटून जाऊ नयेत म्हणून तिथे असलेला स्निग्ध थर, दोन्ही तासा-दोन तासांत बिघडतात. चार-सहा तासांनी दुसरा टप्पा येतो. दुखावलेल्या जागी पांढऱ्या पेशींची गर्दी होते, सूज चढते, वायुकोशांत पाणी झिरपते आणि हवेतला प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचेनासा होतो. सुरुवातीला यात जंतूंचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे घाईने प्रतिजैविके देऊन काही साधत नाही. द्रव जितका आम्ल आणि जितका जास्त, तितकी इजा मोठी. पीएचची मोजणी दहाच्या पटीत चालते, म्हणजे अडीचचा पीएच साडेपाचवर नेला तर आम्लता हजारपटीने उतरते. तेव्हा भूल देण्याआधी औषध देऊन पोटातले आम्ल कमी करावे, हा विचार सुचणे साहजिकच होते आणि त्यात तर्काची खोट नाही. फक्त हा तर्क किती दूरपर्यंत नेतो ते पाहायला हवे. आम्ल कमी करणारे औषध द्रवाला वर येण्यापासून अडवत नाही, तो श्वासनलिकेत शिरण्यापासूनही अडवत नाही. हेल्मेट घातल्याने अपघात टळत नाहीत, डोके वाचते. हे औषधही तसलेच आहे. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की हा फरक विसरल्यामुळे या औषधांचा वापर एकीकडे नको तितका पसरला, आणि दुसरीकडे जिथे ते नेमके हवे तिथे चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या भरवशावर दिले जाऊ लागले.

या विषयाची सुरुवात प्रसूतिगृहात झाली. न्यूयॉर्कच्या लाइंग-इन हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या आणि १९४६ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी तिथे बाळंतिणीला तोंडावर मास्क धरून वायूची किंवा ईथरची भूल देत, श्वासनलिकेत नळी घालायची पद्धत नव्हती, आणि कळा सुरू असताना बायका जेवतही. मेंडेल्सन यांना ६६ जणींच्या फुप्फुसांत पोटातला ऐवज गेल्याचे आढळले. त्यांतल्या दोघी दगावल्या, आणि दोघीही घन अन्न श्वासमार्गात अडकून गुदमरल्याने. ज्यांच्या फुप्फुसांत नुसता द्रव गेला होता त्या दम्याच्या झटक्यासारख्या धापा टाकत होत्या, निळ्या पडल्या होत्या, पण त्या वाचल्या. मग मेंडेल्सन यांनी सशांवर प्रयोग केले. सशांच्या फुप्फुसांत काहींना हायड्रोक्लोरिक आम्ल, काहींना पोटातला आम्ल द्रव आणि काहींना तोच द्रव आम्लता मारून दिला. पहिल्या दोन्हींनी सारखीच इजा झाली, तिसऱ्याने किरकोळ आणि तात्पुरती. आम्ल हाच गुन्हेगार, हे असे सिद्ध झाले. आज पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावाने ओळखला जातो तो हाच आम्लाने होणारा विकार. पण त्यांच्या स्वतःच्या नोंदींत या विकाराने एकही मृत्यू झाला नव्हता, मृत्यू घडवला होता तो घन अन्नाने. हा तपशील पुढच्या पिढ्यांच्या नजरेतून बराचसा निसटला. मेंडेल्सन यांचा सल्ला मात्र समतोल होता. कळा सुरू असताना खाऊ देऊ नका, शक्य तिथे पूर्ण भुलेऐवजी जागा बधिर करून काम भागवा, भूल द्यावीच लागली तर पोट रिकामे करा आणि आम्लता मारा, असा तो होता. या यादीत आम्ल हा अनेक मुद्द्यांपैकी एक होता.

पुढे यातला सर्वांत सोपा भाग उचलला गेला. १९६६ मध्ये टेलर आणि प्राइस-डेव्हिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये बाळंतिणींना आम्लविरोधी औषध देण्याचा पुरस्कार केला, आणि ब्रिटनमधल्या प्रसूतिगृहांत कळा देणाऱ्या बाईला दर दोन तासांनी मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटचे पांढरे, खडूसारखे मिश्रण पाजण्याची पद्धत रुळली. कागदावर हे बिनचूक होते. तरी आम्लाच्या इजेने होणारे मातांचे मृत्यू सरळ थांबले नाहीत, काही बायका तर हे मिश्रण घेऊनही दगावल्या. का, याची उत्तरे हळूहळू मिळत गेली. एक तर हे जड मिश्रण पोटातल्या द्रवात नीट मिसळत नाही, बाई एका कुशीवर निजून असेल तर ते एका बाजूला साचून राहते आणि दुसरीकडचे आम्ल जसेच्या तसे उरते. दुसरे, त्यातले बारीक कण फुप्फुसात गेले तर ते स्वतःच दाह करतात. १९७९ मध्ये कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत हे उघड झाले. म्हणजे इजा टाळण्यासाठी दिलेले औषधच इजेचे दुसरे कारण ठरत होते. यातून सोडियम सायट्रेटचे स्वच्छ, कणविरहित पाणी पुढे आले. ०.३ मोलर तीव्रतेचे हे पाणी ३० मिलिलिटर पाजले की काही मिनिटांत पोटातल्या आम्लाची धार बोथट होते, आणि ते द्रवात चटकन मिसळते. ते खारट-आंबट लागते, काहींना त्याने मळमळते, आणि त्याचा परिणाम फार काळ टिकत नाही. तातडीच्या सिझेरियनआधी हा घोट अजूनही दिला जातो, कारण तेव्हा दुसरे कोणतेच औषध इतक्या लवकर काम करत नाही.

याच सुमारास या विषयात दोन आकडे शिरले. रॉबर्ट्स आणि शर्ली यांनी १९७४ मध्ये लिहिले की पोटात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव असेल आणि त्याचा पीएच २.५ पेक्षा कमी असेल, तर ती बाई धोक्यात आहे असे समजावे. हे आकडे आले कुठून? एका माकडाच्या उजव्या फुप्फुसात थेट आम्ल सोडून केलेल्या प्राथमिक प्रयोगातून. वजनाच्या दर किलोमागे ०.४ मिलिलिटर हे प्रमाण त्या एका जनावरावरून माणसाला लावले, आणि त्यातून २५ चा आकडा तयार झाला. शिवाय फुप्फुसात गेलेले २५ मिलिलिटर आणि पोटात असलेले २५ मिलिलिटर या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, कारण पोटातला सगळाच्या सगळा द्रव कधी एकाच फेरीत फुप्फुसात जात नाही. १९९० मध्ये माकडांवरच पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा गंभीर इजेसाठी याच्या दुप्पट, म्हणजे किलोमागे ०.८ मिलिलिटर इतके आम्ल लागते असे दिसले. तरीही जुने आकडे टिकले. दशकानुदशके औषधांच्या चाचण्या याच रेषेवर मोजल्या गेल्या: अमुक गोळी दिल्यावर किती टक्के रुग्ण २.५ च्या वर आणि २५ च्या खाली गेले. ही मोजपट्टी किती ढिली आहे ते एवढ्यावरून कळावे की तिच्या हिशेबाने ठरल्या वेळेच्या शस्त्रक्रियेला आलेल्या, नीट उपाशी असलेल्या निरोगी माणसांचा मोठा हिस्सा, काही पाहण्यांत तर निम्म्याहून जास्त, ‘धोक्यात’ असतो. प्रत्यक्षात अशा माणसांत हा अपघात काही हजारांत एखाद्याला होतो. मोजायला सोपे ते मोजले आणि महत्त्वाचे ते राहिले, असा हा सरळ प्रकार आहे.

औषधे मात्र या काळात खरोखर सुधारली. जेम्स ब्लॅक यांनी हिस्टामिनचा जठरातला मार्ग अडवणारी रसायने शोधली. त्यांतले सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले, मागोमाग रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन आले, आणि ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले. त्यानंतर ओमेप्राझोलचा गट आला. आज घरोघरी पित्ताची गोळी म्हणून जे पँटोप्राझोल घेतले जाते ते याच गटातले. हा गट आम्ल बाहेर टाकणाऱ्या पेशींतले पंपच बंद करतो. दोन्ही गट प्रभावी आहेत, पण एक गोष्ट रुग्णालयाच्या धावपळीत विसरली जाते. ही औषधे पुढे तयार होणारे आम्ल रोखतात, आधीच पोटात साचलेल्या आम्लाला ती हात लावत नाहीत. त्यामुळे रॅनिटिडिन किंवा फॅमोटिडिन भुलेच्या निदान पाऊण-एक तास आधी द्यावे लागते. पँटोप्राझोलच्या गटाला याहूनही जास्त वेळ लागतो. ही औषधे फक्त त्या घडीला चालू असलेले पंप बंद करतात, म्हणून ठरल्या वेळेच्या शस्त्रक्रियेसाठी एक मात्रा आदल्या रात्री आणि एक त्या दिवशी सकाळी देणे श्रेयस्कर असते. एकाच मात्रेवर काम भागवायचे असेल तर तुलनेच्या चाचण्यांत रॅनिटिडिन पँटोप्राझोलच्या गटाहून सरस ठरले. ते द्रवाचे प्रमाणही कमी करते. हे ध्यानात घेतले तर भुलेच्या दहा मिनिटे आधी शिरेतून पँटोप्राझोलचे इंजेक्शन देऊन ‘पोटाची काळजी घेतली’ असे कागदावर लिहिण्याला उपचार म्हणता येत नाही, तो नुसता रिवाज आहे. रॅनिटिडिनची वाट मात्र पुढे बिकट झाली. २०१९ मध्ये त्याच्या गोळ्यांत एनडीएमए हे कर्करोगाची शक्यता वाढवू शकणारे रसायन सापडले, २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढायला लावले, आणि भारताने २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले. तेव्हापासून अनेक ठिकाणी त्याची जागा फॅमोटिडिन आणि ओमेप्राझोल यांनी घेतली.

आता हा अपघात किती दुर्मीळ आहे ते पाहू, कारण सगळा वाद तिथेच येऊन थांबतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८५ ते १९९१ या काळात दिलेल्या २,१५,४८८ पूर्ण भुलांची नोंद वॉर्नर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात ६७ वेळा पोटातला ऐवज फुप्फुसात गेला, म्हणजे साधारण ३,२१६ भुलांमागे एकदा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण ३,८८६ ला एक होते, तातडीच्या शस्त्रक्रियांत ८९५ ला एक, म्हणजे चौपटीहून जास्त. मृत्यू तीन झाले, ७१,८२९ भुलांमागे एक. ज्यांच्या बाबतीत अपघात झाला त्यांतल्या बहुतेकांना पुढच्या दोन तासांत खोकला, घरघर असे काहीच झाले नाही, आणि त्यांना पुढेही विशेष त्रास झाला नाही. हे वाचून हायसे वाटले तर त्याला लगेच ब्रिटनचा आकडा जोडून वाचावा. तिथल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने देशभरातल्या श्वासमार्गाच्या गंभीर अपघातांचा धांडोळा घेतला, तो अहवाल २०११ मध्ये आला. भूल देताना झालेल्या अशा अपघातांत जे १६ मृत्यू झाले त्यांतले निम्मे, म्हणजे आठ, पोटातला ऐवज फुप्फुसात गेल्याने झाले होते. घटना क्वचित घडते, पण भूल देताना श्वासमार्गाच्या अपघाताने माणूस दगावला तर त्याचे हे सर्वांत मोठे कारण असते. शिवाय त्या अहवालात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे धोका आधी ओळखता आला असता, पण ओळखला गेला नाही, किंवा ओळखूनही भूल देण्याची पद्धत बदलली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. आम्ल कमी केल्याने एकाही रुग्णाचा जीव वाचल्याचे चाचणीतून सिद्ध झालेले नाही, मग हे औषध द्यायचेच कशाला? आक्षेपातले विधान खरे आहे. सिझेरियनआधी दिल्या जाणाऱ्या अशा औषधांचा कॉक्रेन संस्थेने घेतलेला आढावाही तेच सांगतो: पीएच वाढतो हे दिसते, फुप्फुसाची इजा कमी होते का हे या चाचण्या सांगू शकत नाहीत. पण पुरावा का नाही हेही विचारले पाहिजे. साधा हिशेब करून पाहा. ७०,००० ला एक हा मृत्युदर निम्म्यावर येतो हे खात्रीने दाखवायचे तर दोन्ही गट मिळून साठ लाखांहून जास्त रुग्णांवर चाचणी करावी लागेल. असा अभ्यास कोणी करणार नाही. भूल देताना गळ्यावरची कूर्चा बोटाने दाबून अन्ननलिका बंद ठेवायची जी युक्ती ब्रायन सेलिक यांनी १९६१ मध्ये सांगितली, तिचीही अशीच गत आहे. फ्रान्समध्ये जास्त धोक्याच्या ३,४७२ रुग्णांवर तिची चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दाब दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत मिळून अपघात झाले अवघे १९, आणि निकाल कोणत्याच बाजूने ठाम लागला नाही. इतक्या दुर्मीळ घटनेत चाचणीचा पुरावा मिळणारच नसेल, तर निर्णय कार्यकारणाच्या ज्ञानावर, औषधाच्या जोखमीवर आणि रुग्णाच्या धोक्यावर घ्यावा लागतो. आम्ल फुप्फुस भाजते याबद्दल शंका नाही. एका घोटाची किंवा एका मात्रेची जोखीम नगण्य आहे. मग जिच्या पोटावर वाढलेल्या गर्भाशयाचा दाब आहे, जिच्या अन्ननलिकेचा स्नायू गरोदरपणातल्या संप्रेरकांनी सैल पडला आहे, आणि कळांमुळे व वेदनाशामकांमुळे जिचे पोट रिकामे होणे मंदावले आहे, अशा बाईला पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर हे औषध नाकारणे मला पटत नाही. आतड्याला पीळ पडलेला, खाऊन तासाभरात अपघातात सापडलेला, छातीत सतत जळजळ असणारा किंवा जठराचा भाग छातीत सरकलेला रुग्ण यांनाही हेच लागू पडते.

दुसरा आक्षेप बरोबर उलट दिशेने येतो आणि आपल्याकडे तोच जास्त प्रबळ आहे. औषध स्वस्त आहे, जोखीम नगण्य आहे, मग सरसकट सगळ्यांनाच दिले तर बिघडले कुठे? अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देत आली आहेत: वेगळा धोका नसलेल्या रुग्णाला ही औषधे नेहमीची म्हणून देऊ नयेत. मला हे उत्तर योग्य वाटते, आणि त्याचे कारण केवळ खर्च नाही. एक, आम्ल हे पोटातल्या जंतूंना आवरणारे नैसर्गिक औषध आहे. ते बराच काळ कमी ठेवले तर पोटात जंतू वाढतात, आणि तसा द्रव फुप्फुसात गेला तर भाजण्याऐवजी जंतूंचा न्यूमोनिया होऊ शकतो. एका मात्रेने हे होत नाही हे खरे, पण सवय एका मात्रेवर थांबत नाही, शस्त्रक्रियेनंतर चिठ्ठीवर महिनाभर त्याच गोळ्या चालू राहतात. दोन, पोट लवकर रिकामे व्हावे म्हणून जोडीला दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड काही जणांत, विशेषतः तरुणांत, मान आणि जबडा वाकडा होण्याचा भीतिदायक झटका आणते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे सरसकट औषध दिल्याने सरसकट निश्चिंती येते. सगळ्यांना इंजेक्शन दिले की कोणाला विशेष धोका आहे हे विचारण्याची गरज वाटेनाशी होते, आणि ब्रिटिश अहवालात वारंवार दिसले ते नेमके हे न विचारणेच.

न विचारलेले प्रश्न आता नव्या रूपात समोर येत आहेत. वजन आणि साखर कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात. भूक मरण्याचे एक कारण तेच. भारतात २०२५ पासून मौंजारो आणि वेगोवी या नावांनी ती बाजारात आहेत. ती घेणारा माणूस आठ-दहा तास उपाशी राहूनही त्याच्या पोटात आदल्या रात्रीचे जेवण असू शकते. अमेरिकन संघटनेने २०२३ मध्ये आठवड्याचे इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी आठवडाभर थांबवावे असे सुचवले होते. २०२४ च्या सुधारित सल्ल्यात बहुतेकांनी ते चालू ठेवावे, पण ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी आदले चोवीस तास फक्त पातळ पदार्थ घ्यावेत असे म्हटले. अशा रुग्णाला आम्लाचे औषध देऊन काय मिळेल? आम्ल कमी होईल, भाताची शिते आणि पोळीचे तुकडे तसेच राहतील. मेंडेल्सन यांच्या दोन्ही रुग्ण ज्याने गेल्या त्या घन अन्नावर जगात कोणतीही पित्ताची गोळी चालत नाही. इथे उपयोगी पडते ते जठराच्या खालच्या भागाची सोनोग्राफी करून आत काय आहे ते पाहणे. त्यात घन अन्न दिसले, किंवा वजनाच्या दर किलोमागे दीड मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव दिसला, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, शक्य असेल तर मणक्यातून भूल द्यावी, नाहीतर नळी झटपट बसवण्याची तातडीची पद्धत वापरावी. सोनोग्राफीची यंत्रे आज बऱ्याच शस्त्रक्रियागृहांत असतात, नस बधिर करताना भूलतज्ज्ञ ती रोज वापरतात. त्याच यंत्राने दोन मिनिटे पोटही पाहता येते.

उपासाबाबतही असाच सरसकट रिवाज रुळला आहे. घन अन्नासाठी उपास अपरिहार्य आहे. हलक्या नाश्त्यानंतर सहा तास, तळलेले किंवा मांसाहारी जेवण असेल तर आठ तास किंवा त्याहून जास्त. दूध आणि आपला दुधाचा चहाही सहा तासांतच मोजायला हवा, तान्ह्या बाळाला आईचे दूध मात्र चार तास आधीपर्यंत चालते. पण पाण्याचे काय? पाणी पोटातून फार वेगाने निघून जाते. १९८६ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत माल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले आणि काहींना रात्रभर कोरडे ठेवले. पाणी प्यायलेल्यांच्या पोटात उलट कमी द्रव सापडला. त्यानंतर अशा अनेक पाहण्या झाल्या आणि भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेला फळांचा रस चालतो, हा नियम जगभर मान्य झाला. यात नवे फारसे नव्हते. क्लोरोफॉर्म देण्याच्या सुमारे दोन तास आधी रुग्णाला चहाचा एक पेला देणे हितकारक, असा सल्ला जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच दिला होता. तरीही आपल्या वॉर्डांत ‘रात्री बारानंतर एनबीएम’ (तोंडाने काहीही नाही) हा एकच शेरा सकाळी आठच्या आणि दुपारी तीनच्या रुग्णाला सारखाच लागतो. दुपारचा रुग्ण पंधरा तास पाण्यावाचून राहतो, तोंड कोरडे पडते, डोके दुखते, भूल देताच रक्तदाब घसरतो, लहान मुलांची साखर उतरते. आणि इतके सोसून त्याच्या पोटातले आम्ल काही कमी होत नाही. ते थेंबाथेंबाने साचतच राहते. कोरडा उपास लांबवून आम्लाचा प्रश्न सुटतो ही समजूत पुराव्याने खोडली जाऊन चार दशके होत आली.

भारतात हा प्रश्न छोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीनुसार देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, महाराष्ट्रात पंचवीस टक्क्यांहून थोड्या जास्त. यांतल्या बहुतेक मणक्यातून भूल देऊन होतात. आई जागी असते, तिला ठसका लागतो, गिळता येते. माझ्या मते प्रसूतीतला हा धोका उतरला त्याचे मोठे श्रेय या बदलाला आहे. आम्लाच्या औषधाला किती द्यायचे हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, कारण त्याच काळात प्रशिक्षित भूलतज्ज्ञ, चांगल्या नळ्या आणि देखरेखीची यंत्रेही आली. मात्र मणक्यातली भूल कधी पुरेशी लागत नाही, कधी बाळाच्या ठोक्यांमुळे तिच्यासाठी वेळच नसतो, आणि मग पूर्ण भूल द्यावी लागते. त्या वेळी सोडियम सायट्रेटचा तो घोट आणि तासभर आधी दिलेले फॅमोटिडिन यांना खरी किंमत येते, कारण घोट लगेच काम करतो आणि फॅमोटिडिनचा परिणाम नळी काढेपर्यंत टिकतो.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा त्यांनी विचारायची वाट पाहू नका. शेवटचे काय खाल्ले आणि किती वाजता, रात्री छातीत जळजळून जाग येते का, आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येते का, मधुमेह किती वर्षांचा आहे, वजनाचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, हे सगळे सांगा. चुकून चहा-बिस्किट घेतले असेल तर लपवू नका. शस्त्रक्रिया चार तास पुढे गेल्याने सहसा काही बिघडत नाही. आपल्या मनाने जास्तीची पित्ताची गोळी घेऊ नका, पण रोज घेत असाल तर ती त्या सकाळी दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची का ते विचारून घ्या. आणि शस्त्रक्रिया दुपारची असेल, तर पाणी किती वाजेपर्यंत प्यायले तर चालेल, हेही विचारा.